जुनी बोली की नवी? ब्रिजच्या कन्व्हेन्शन्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात, हॉस्टेलवर किंवा ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत ब्रिज शिकून आता क्लबात किंवा ऑनलाइन खेळायला लागलेल्यांसाठी हे पान आहे. पॉइंट कसे मोजतात, गेम म्हणजे काय, डमी कोण, हे तुम्हाला येतं असं धरून चाललो आहे. कन्व्हेन्शन म्हणजे दोन भिडूंनी आधी ठरवून घेतलेला बोलीचा खास अर्थ. बोली टेबलावर बोलतात तशीच लिहिली आहे: वन स्पेड, टू नो ट्रम्प. हातातल्या पानांसाठी मात्र इस्पिक (स्पेड), बदाम (हार्ट), चौकट (डायमंड), किलवर (क्लब); पहिले दोन मेजर, शेवटचे दोन मायनर.

पारंपरिक बोली कशाला म्हणायचं आणि आधुनिक कशाला?

आपल्याकडे ‘जुनी पद्धत’ म्हटलं की बहुतेक वेळा चार्ल्स गोरेनच्या वळणाची बोली अभिप्रेत असते. एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २, गुलामाला १ ही मोजणी मिल्टन वर्कची, पण १९४९ पासून ती घराघरांत पोचवली गोरेनने. या वळणात चार पानांवर मेजर ओपन होतो, वन नो ट्रम्प १६ ते १८ पॉइंटचा असतो, टू स्पेड म्हणजे दणदणीत पानं, आणि भिडूने ओपन केल्यावर समोरच्यांनी मध्ये टाकलेल्या बोलीवर दिलेली डबल म्हणजे ‘यांना बुडवूया’. स्टेमन (नो ट्रम्पवर टू क्लब म्हणून चार पानांचा मेजर विचारणं) आणि ब्लॅकवुड (फोर नो ट्रम्पने एक्के विचारणं) त्यात आहेतच. ब्रिटिश वळणाने शिकलेले लोक ॲकोल खेळतात. तिचं नाव लंडनच्या एका रस्त्यावरून पडलं आणि ती १९३० च्या दशकात आकाराला आली. तिथेही मेजर चार पानांचा, पण वन नो ट्रम्प १२ ते १४ चा.

‘नवी पद्धत’ म्हणजे पाच पानांचा मेजर, १५ ते १७ चा नो ट्रम्प, ट्रान्सफर (नो ट्रम्पवर एक सूट बोलून त्याच्या वरचा सूट सांगणं), वीक टू, निगेटिव्ह डबल, टू ओव्हर वन आणि की-कार्ड ब्लॅकवुड.

पण तारखा बघा. साधी ब्लॅकवुड १९३३ ची. ट्रान्सफरवर ऑस्वाल्ड जेकबीने लिहिलं १९५६ मध्ये, आणि युरोपात ती त्याआधीच खेळली जात होती. निगेटिव्ह डबल ॲल्विन रॉथने १९५७ मध्ये आणली. त्याच वर्षी रशियाचा उपग्रह आकाशात गेला म्हणून तिला बरीच वर्षं ‘स्पुटनिक’ म्हणत. आपण जिला नवी म्हणतो ती बोली आता सत्तरीला टेकली आहे.

मी काकांकडून शिकलो. ते सगळं आता टाकून द्यायचं का?

मुळीच नाही. काकांनी दिलेली पॉइंटची मोजणी, आठ पानांचा हुकूम शोधायची सवय, गेमला साधारण २५-२६ पॉइंट लागतात हा अंदाज आणि ‘भिडूने एकदा नाही म्हटलं की ऐकायचं’ हा धडा, सगळं जसंच्या तसं चालतं. बदलतात त्या पाच-सहा बोली. त्याही एका दमात बदलायच्या नसतात.

एक गोष्ट मात्र खरोखरच सोडून द्या: टेबलावर आवाज चढवून किंवा थबकत थबकत बोलून भिडूला इशारा देणं. घरच्या खेळात हे चालून जातं. क्लबात बिडिंग बॉक्समधली कार्डं मुकाट्याने मांडायची असतात आणि अशा इशाऱ्यावरून भिडूने काही निर्णय घेतला तर तो नियमभंग ठरतो.

एखादी कन्व्हेन्शन घ्यावी की नाही, हे ठरवायचं कशावरून?

सगळ्या पानावर हाच प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

कुठलीही कन्व्हेन्शन फुकट मिळत नाही. टू डायमंड म्हणजे ‘माझ्याकडे बदाम आहेत’ असं ठरवलंत की ‘माझ्याकडे चौकट आहे, इथेच थांबूया’ हे सांगायची सोय गेली. तेव्हा पहिला हिशेब असा: काय मिळालं आणि त्यासाठी कुठली साधी बोली गेली?

दुसरा हिशेब वारंवारतेचा. २२ किंवा जास्त पॉइंटची पानं सुमारे २४० डावांत एकदा येतात. क्लबात एका बैठकीत चोवीसेक डाव होतात असं धरलं, तर तुमच्या वाट्याला अशी पानं दहा बैठकांत एकदा. उलट १२ ते १४ पॉइंट शंभरातल्या वीस-एकवीस डावांत येतात, १५ ते १७ शंभरातल्या दहा डावांत. ६ ते १० पॉइंट तर शंभरातल्या बेचाळीस डावांत! आणि लोक क्लबात येतात तेव्हा त्यांना शिकायची असते स्लॅमची (बारा-तेरा हातांची) कन्व्हेन्शन. स्लॅम बोलायची संधी येते कधीमधी. पार्ट-स्कोअरची, म्हणजे गेमच्या खालच्या बोलीची, मारामारी प्रत्येक दुसऱ्या डावात असते.

तिसरा हिशेब विसरण्याचा. दोघांतला एक विसरला तर नुकसान किती? स्टेमन विसरलं तर बहुतेक वेळा चुकीच्या जागी गेम लागेल. ट्रान्सफर विसरली तर दोन पानांच्या हुकमावर टू हार्ट खेळण्याची पाळी येते, आणि बाकी टेबलं तुमच्या स्कोअरशीटभोवती जमतात.

या तिन्ही हिशेबांना उतरेल ती घ्या. जुनी की नवी, हे त्यानंतर बघा.

सगळ्यात आधी कुठली बदलू?

माझं मत विचाराल तर निगेटिव्ह डबल. क्लबात आजकाल समोरचे लोक गप्प बसत नाहीत, त्यामुळे ती दर बैठकीत लागते. एक उदाहरण घ्या. भिडूने वन डायमंड ओपन केलं, उजवीकडच्याने मध्येच वन स्पेड टाकलं, आणि तुमच्याकडे अशी पानं आहेत:

इस्पिक ७ ३
बदाम राजा गुलाम ८ ४
चौकट राणी ६
किलवर गुलाम ९ ७ ५ २

सात पॉइंट. जुन्या पद्धतीत इथे बोलायला काहीच नाही. टू हार्टला पाच बदाम आणि दहाएक पॉइंट हवेत, वन नो ट्रम्पला इस्पिकमध्ये अडवणारं पान हवं, आणि डबल म्हणजे ‘वन स्पेड बुडवतो’. तुम्ही पास म्हणता. भिडूकडे चार बदाम असले तरी ते दोघांपैकी कुणालाच कळत नाही.

नव्या पद्धतीत डबल म्हणजे ‘माझ्याकडे चार बदाम आहेत आणि बोलण्यापुरते पॉइंट आहेत’. भिडूकडे चार बदाम असले तर तो टू हार्ट म्हणतो आणि डाव तुमचा होतो.

किंमत काय? वन स्पेडवर तुमच्याकडे खरंच इस्पिकचे राजा, गुलाम, १०, ९, ५ असतील तर आता डबल देता येत नाही. पास म्हणून थांबायचं. इस्पिक कमी असलेला ओपनर बोली परत त्याच्याकडे आली की शिस्तीने डबल देतो आणि मग तुम्ही पास म्हणता. म्हणजे बुडवायची संधी जात नाही, फक्त एक फेरी उशिरा येते. अट एकच: ओपनरने ती डबल द्यायला विसरायचं नाही. निगेटिव्ह डबलचा हा अर्धा भाग लोक शिकतच नाहीत आणि मग ‘तुमच्या नव्या पद्धतीने चांगला दंड घालवला’ म्हणून बोंब मारतात.

कुठल्या पातळीपर्यंत डबल निगेटिव्ह धरायची, हेही ठरवून ठेवा. नवीन जोडीला टू स्पेडपर्यंत पुरे.

ट्रान्सफरचं एवढं कौतुक का?

भिडू वन नो ट्रम्प, १५ ते १७. तुमच्याकडे:

इस्पिक राणी १० ८ ६ ३
बदाम ७ ४
चौकट गुलाम ६ ५
किलवर ९ ८ २

जुन्या पद्धतीत तुम्ही टू स्पेड म्हणून थांबता. ठीक आहे, पण आता डाव खेळणार तुम्ही आणि भिडूची चांगली पानं सगळ्यांसमोर उघडी पडणार. समजा भिडूच्या बदामात राजा आणि ६ आहे आणि एक्का-राणी तुमच्या उजवीकडच्याकडे. डावीकडच्याने बदामाची उतारी केली की भिडूचा राजा दोघांच्या कात्रीत सापडतो आणि मरतो.

ट्रान्सफरमध्ये तुम्ही टू हार्ट म्हणता, भिडू टू स्पेड म्हणतो आणि डाव तो खेळतो. आता पहिली उतारी कुणाची? तुमच्या उजवीकडच्याची. ज्याच्याकडे एक्का-राणी आहे, त्याचीच! त्याने बदाम उतरला तर राजाचा हात होतो, नाही उतरला तर निदान पहिल्या हाताला राजा सुरक्षित. त्याच्या भिडूच्या हाती खेळ गेला तर तो नंतर बदाम उतरू शकतोच. पण तोवर तुम्हाला श्वास घ्यायला वेळ मिळतो.

ट्रान्सफरचा त्याहून मोठा फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. ट्रान्सफर करून तुम्हाला पुन्हा बोलता येतं. पाच इस्पिक आणि ८ पॉइंट: टू हार्ट, टू स्पेड, मग टू नो ट्रम्प. भिडूला सगळं चित्र कळलं, आता निर्णय त्याचा. १० पॉइंट असतील तर शेवटी थ्री नो ट्रम्प, म्हणजे ‘तिथे खेळ नाहीतर फोर स्पेड, तूच निवड’. जुन्या पद्धतीत थ्री स्पेड गेमकडे ढकलते आणि टू स्पेड म्हणजे पूर्णविराम. मधल्या ८-९ पॉइंटला स्टेमनचा वळसा घालावा लागतो.

गेली ती बोली म्हणजे कमजोर पानांवर टू डायमंडमध्ये थांबणं. माझ्या मते हा सौदा स्वस्त आहे.

दोन गोष्टी आधीच ठरवा. मध्ये कुणी बोललं तर ट्रान्सफर बंद की चालू? आणि मध्ये कुणी डबल दिली तर? बहुतेक जोड्या बोलीनंतर बंद ठेवतात. डबलच्या बाबतीत मतं वेगवेगळी आहेत, तेव्हा एक निवडा आणि लिहून ठेवा.

मेजर चार पानांवर ओपन करावा की पाच?

इथे मी सरसकट उत्तर देत नाही, कारण ही एकटी कन्व्हेन्शन नाही. ती वन नो ट्रम्पशी जोडलेली आहे.

ॲकोलवाले चार पानांचा मेजर ओपन करतात आणि त्यांचं बरं चालतं, कारण १२ ते १४ पॉइंटची सपाट पानं (चारही सूट जवळपास सारखे) ते वन नो ट्रम्पने उघडतात. वन हार्ट म्हटलं की एकतर पानं सपाट नाहीत किंवा पॉइंट १५ किंवा जास्त आहेत. भिडूला अंदाज असतो. अमेरिकन पद्धतीत वन नो ट्रम्प १५ ते १७ चा, म्हणून १२ ते १४ ची सपाट पानं कुठल्यातरी सूटने उघडावी लागतात. मग मेजर पाच पानांचा ठेवणं सोयीचं. घोटाळा होतो तो या दोन्हींतलं निम्मं-निम्मं उचललं की. ‘मेजर चार पानांचा, नो ट्रम्प १५ ते १७, पण टू ओव्हर वनही खेळतो’ अशा जोड्या पाहिल्या आहेत. त्यांच्या वन स्पेडमधून भिडूला काहीच कळत नाही.

पाच पानांच्या मेजरचा खरा उपयोग स्पर्धेत दिसतो. भिडू वन स्पेड, उजवीकडचा थ्री डायमंड, तुमच्याकडे तीन इस्पिक आणि नऊ-दहा पॉइंट. आठ पानांचा हुकूम नक्की आहे हे माहीत असलं की थ्री स्पेड म्हणायला मन कचरत नाही. चार पानांच्या पद्धतीत इथेच घाम फुटतो.

किंमत मायनरमध्ये चुकवावी लागते. वन क्लब तीन पानांवरही ओपन होतो, आणि समोरच्यांनी थ्री स्पेडपर्यंत उडी मारली की तुमच्या भिडूला तुमचे किलवर तीन की सहा, हे कळत नाही.

तुम्ही आणि तुमचा भिडू वीस वर्षं ॲकोल खेळत असाल आणि खेळायला मजा येत असेल, तर या एका गोष्टीसाठी बदलू नका. फक्त १२ ते १४ चा नो ट्रम्प व्हल्नरेबल असताना, म्हणजे बुडण्याचा दंड जास्त असतो त्या डावात, जपून खेळा. डबल होऊन एक हात कमी पडला की २०० जातात आणि समोरच्यांच्या बहुतेक पार्ट-स्कोअरपेक्षा ते जास्त असतात.

टू स्पेड, टू हार्ट दणदणीत ठेवावं की कमजोर?

कमजोर. वर दिलेले आकडे पुन्हा बघा. दणदणीत पानं टू क्लबच्या एकाच कृत्रिम बोलीत मावतात. राहिलेल्या तीन बोली इतक्या दुर्मीळ पानांसाठी राखून ठेवणं परवडत नाही. सहा पानांचा बरा सूट, ६ ते १० पॉइंट, आणि समोरच्यांना दुसऱ्या पातळीवरून सुरुवात करायला लावायची, एवढंच वीक टूचं काम.

सूटची प्रत मात्र बघा. राणी ७ ५ ४ ३ २ वर व्हल्नरेबल असताना वीक टू टाकणारा भिडू महागात पडतो.

टू ओव्हर वन शिकावं का? सगळे तेच खेळतात.

आधी ते काय आहे ते पाहू. भिडू वन स्पेड, तुम्ही टू डायमंड. जुन्या पद्धतीत याचा अर्थ दहा-अकराच्या वर, एक फेरी चालू ठेव. मग भिडू टू स्पेड, तुम्ही थ्री स्पेड. आता ही थ्री स्पेड आमंत्रण आहे की गेमला बांधलेली? या एका प्रश्नावर जितकी भांडणं झाली असतील तितकी हुंड्यावरून झाली नसतील.

टू ओव्हर वनमध्ये टू डायमंड म्हणताक्षणी गेम ठरला. म्हणून पुढची थ्री स्पेड निवांत, ‘मला अजून काही सांगायचं आहे’ अशी; थेट फोर स्पेड मारली तर ‘जास्तीचं काही नाही’. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात रिचर्ड वॉल्श आणि त्याच्या बरोबरच्यांनी या पद्धतीचा पाया घातला.

आता किंमत. गेमपेक्षा कमी असलेली सगळी पानं वन नो ट्रम्पच्या उत्तरात कोंबावी लागतात, सहापासून अकरा-बारापर्यंत. मूळ पद्धतीत ती बोली फोर्सिंग आहे, म्हणून ओपनरला पाच-तीन-तीन-दोन अशा पानांवर तीन पानांचा मायनर बोलावा लागतो आणि वन नो ट्रम्प खेळून मुकाट्याने ९० घेण्याची सोय संपते. मॅचपॉइंटच्या खेळात, जिथे इतर टेबलांपेक्षा दहा पॉइंट जास्त मिळाले तरी फरक पडतो, हे जाणवतं. म्हणून बऱ्याच जोड्या ‘सेमी-फोर्सिंग’ ठेवतात: सपाट आणि किमान पानं असली तर ओपनर पास म्हणू शकतो.

एकाच भिडूबरोबर दर आठवड्याला खेळत असाल आणि दोघांचीही घरी बसून शे-दीडशे डाव बोलून बघायची तयारी असेल तर शिका. दर वेळी नवा भिडू मिळत असेल तर अजून थांबा.

नव्या भिडूबरोबर बसलो. मी थ्री स्पेड म्हटलं, त्याने पास केलं, गेम हुकला. चूक कुणाची?

दोघांची, आणि खेळाच्या इतिहासाचीसुद्धा. भिडूच्या वन स्पेडवर तुमची थेट थ्री स्पेड. गोरेनच्या वळणात ती १३ ते १६ पॉइंटची, गेमला बांधलेली. ॲकोलमध्ये आणि आजच्या बऱ्याच जोड्यांत ती १०-१२ ची मर्यादित बोली, भिडू पास म्हणू शकतो. मार्टी बर्गनच्या पद्धतीने खेळणाऱ्यांत तिचा अर्थ सहाच्या आत पॉइंट, चार इस्पिक आणि समोरच्यांना अडवायचं, एवढाच. तीच थ्री स्पेड, आणि अर्थ ‘गेम नक्की’पासून ‘काही नाही माझ्याकडे’पर्यंत.

नव्या भिडूला बसता बसता विचारायचा पहिला प्रश्न हाच ठेवा.

मग पाच मिनिटांत भिडूशी काय काय ठरवून घेऊ?

वन नो ट्रम्प किती ते किती. मेजर चार की पाच. वन स्पेडवर थ्री स्पेडचा अर्थ. टू स्पेड, टू हार्ट, टू डायमंड कमजोर ना? ट्रान्सफर आहे ना, आणि मध्ये कुणी बोललं तर? डबल कुठपर्यंत निगेटिव्ह? फोर नो ट्रम्प साधी ब्लॅकवुड की की-कार्ड? आणि बचावात मोठं पान टाकलं तर त्याचा अर्थ ‘हो, हाच सूट चालू ठेव’ की ‘नको’. एवढ्यावर अख्खी संध्याकाळ निघते. बाकीचं ‘साधं खेळूया’ म्हणून सोडून द्या. जो भिडू पाच मिनिटांत तुम्हाला सहा नव्या कन्व्हेन्शन्स ऐकवतो, त्याला हसून हो म्हणा आणि त्यांतली एकही वापरू नका.

साधी ब्लॅकवुड पुरत नाही का?

पुष्कळदा पुरते. उणीव कुठे आहे ते सांगतो. हुकूम इस्पिक. तुमच्याकडे एकच एक्का, पण बाकी पानं भरघोस. फोर नो ट्रम्प विचारलं, भिडू फाइव्ह हार्ट म्हणाला, म्हणजे दोन एक्के. एकच एक्का बाहेर आहे म्हणून तुम्ही सिक्स स्पेड बोलता. डमी उघडते तर हुकमाचा राजाही बाहेर! एक्का आणि राजा दोन्ही समोरच्यांकडे, आता सारा भरवसा फिनेसवर.

की-कार्डमध्ये हुकमाचा राजा पाचवा एक्का धरतात. तुमच्याकडे एक, भिडूकडे दोन, पाचांतले दोन बाहेर. फाइव्ह स्पेडवर थांबायचं. उत्तरंही बदलतात. मूळ पद्धतीत फाइव्ह क्लब म्हणजे शून्य किंवा तीन, फाइव्ह डायमंड म्हणजे एक किंवा चार. फाइव्ह हार्ट म्हणजे हुकमाच्या राणीशिवाय दोन, फाइव्ह स्पेड म्हणजे राणीसकट दोन. बऱ्याच जोड्या पहिल्या दोन पायऱ्या उलट्या ठेवतात. दोन्ही चालतं. दोघांनी वेगवेगळं खेळलं तर मात्र चालत नाही.

की-कार्डची खरी अडचण म्हणजे हुकूम कुठला, हे ठरलेलं नसताना कुणीतरी फोर नो ट्रम्प मारतो. नियम करून ठेवा: हुकूम ठरला नसेल तर शेवटी बोललेला सूट हुकूम. आणि किलवर हुकूम असताना फोर नो ट्रम्प विचारण्यापूर्वी दोनदा विचार करा. भिडूने फाइव्ह डायमंड म्हटलं तरी तुम्ही फाइव्ह क्लबच्या पलीकडे गेलेले असता.

कुठलीही ब्लॅकवुड घ्या, एखाद्या सूटमध्ये एकही पान नसेल तर तिचं उत्तर कामाचं नसतं. कुठला एक्का आहे, हे ती सांगत नाही.

प्रिसिजन कशी आहे? ती जुनी की नवी?

सी. सी. वेई या चिनी-अमेरिकन जहाज व्यावसायिकाने ती १९६० च्या दशकात बांधली. १९६९ च्या बर्म्युडा बोल या जागतिक सांघिक स्पर्धेत तैवानचा संघ ती खेळत थेट अंतिम सामन्यात पोचला आणि जगाने कान टवकारले. अंतिम सामना इटलीच्या ब्लू टीमने जिंकला. त्या संघातले लोकही कृत्रिम क्लबवालेच होते.

मुख्य गोष्ट सोपी आहे: १६ किंवा जास्त पॉइंट असले की वन क्लब, मग बाकीच्या ओपनिंग १५ च्या आत. भिडूला मर्यादा लगेच कळते. मला ही पद्धत आवडते. पण वन क्लबवर समोरचे लोक मुद्दाम उड्या मारतात आणि तुमचा सूट सांगायच्या आतच बोली तिसऱ्या पातळीवर गेलेली असते. वन डायमंडचंही घोंगडं होतं. जोडी पक्की असेल तर जरूर खेळा. एकेक तुकडा उचलून नको, घेतली तर पूर्ण घ्या.

मल्टी, बर्गन, ड्रुरी, मायकेल्स… यांचं काय करू?

मायकेल्स घ्या, दुसूटी पानं एका बोलीत सांगता येतात. ड्रुरी (आधी पास केलेल्याने भिडूच्या मेजरवर टू क्लब म्हणून पाठिंबा आणि चांगले पॉइंट सांगणं) घ्या, पण तुमचा भिडू तिसऱ्या जागेवर हलकं ओपन करत असेल तरच. नाहीतर तिचं काम नाही. बर्गन नंतर. मल्टी टू डायमंड म्हणजे ‘कुठल्यातरी एका मेजरमध्ये कमजोर, किंवा काहीतरी मोठं’. समोरच्यांना त्रास द्यायला झकास, पण कुठल्या स्पर्धेत चालते आणि कुठे नाही, हे आधी विचारून घ्या.

पैसे लावून रबर खेळतो. तिथेही हे सगळं लागतं का?

नाही. रबरमध्ये भिडू बदलत राहतो, तेव्हा सगळ्यांना येते ती बोली सगळ्यात चांगली. स्टेमन, ब्लॅकवुड आणि डोकं.

कन्व्हेन्शन विसरलो आणि भिडूने चुकीचं समजावलं, तर काय करायचं?

भिडूने समोरच्यांना तुमच्या बोलीचा अर्थ सांगितला आणि तो ऐकून तुम्हाला आठवलं की ‘अरे, हे असं ठरलं होतं!’ तर ते आठवणं वापरता येत नाही. भिडूचं बोलणं ऐकलंच नाही, असं समजून पुढची बोली करायची.

उलट, तुमची बोली बरोबर आणि भिडूने अर्थ चुकीचा सांगितला असेल, तर बोली चालू असताना तोंड उघडायचं नाही. तुम्ही डाव खेळणार असाल किंवा डमी असाल, तर शेवटच्या पासनंतर, पहिल्या उतारीच्या आधी डायरेक्टरला बोलावून दुरुस्त करा. बचावात असाल तर डाव संपल्यावर. ही वेळ पाळली की बरेच रुसवेफुगवे टळतात.

समोरचे लोक भलतंच काही खेळतात. ही लबाडी नाही का?

गुप्त ठेवलं तर लबाडी. उघड सांगितलं तर खेळ. त्यांच्यात जे ठरलं आहे ते सगळं तुम्हाला कळण्याचा हक्क आहे. ज्याची बोली आहे तो नाही, त्याचा भिडू समजावतो. तुमची पाळी आली की विचारा, त्यांचं कन्व्हेन्शन कार्ड मागून बघा. ऑनलाइन मात्र ज्याची बोली तोच अर्थ लिहितो, भिडूला ते दिसत नाही, आणि ही पद्धत खरं तर जास्त स्वच्छ आहे.

एक सवय लावून घ्या: पानं चांगली असली तरच विचारायचं आणि नसली की गप्प, असं करू नका. तुमच्या प्रश्नावरूनच भिडूला तुमची पानं कळतात.

वय झालं आता, नवं डोक्यात राहील का?

२०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत पुरुष जोडीचं सुवर्णपदक भारताच्या प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी जिंकलं. त्या वेळी ते अनुक्रमे ६० आणि ५६ वर्षांचे होते. एका वेळी एक कन्व्हेन्शन घ्या, ती महिनाभर खेळा, मग दुसरी.

भिडू बदलायला तयारच नाही. काय करू?

त्याला व्याख्यान देऊ नका. क्लबात स्कोअर लागतात तेव्हा, हातचे गेलेले डाव वेगळ्या कागदावर उतरवून ठेवा. बोलीमुळे गेलेले, उतारी चुकल्यामुळे गेलेले, आणि खेळताना हात सोडल्यामुळे गेलेले, असे तीन रकाने करा. काही आठवड्यांनी दोघं मिळून बघा. बहुतेक जोड्यांचा तिसरा रकानाच सगळ्यात लांब निघतो, आणि मग कन्व्हेन्शनचा वाद आपोआप मागे पडतो. बोलीचा रकाना खरंच लांब निघाला तर भिडूही ऐकतो.

घरी सराव कसा करावा?

ब्रिज बेस ऑनलाइनवर दोघांनाच बसून फक्त बोली करायची सोय आहे. एका बाजूला १५ ते १७ पॉइंटची सपाट पानं यावीत, अशी अट घालता येते, मग अर्ध्या तासात वीस-पंचवीस ट्रान्सफर होतात. कॉम्प्युटर नको असेल तर कॅट पिसून चार ठिकाणी वाटा, जास्त पॉइंटचे दोन वाटे एकमेकांसमोर ठेवा आणि दोघांनी वेगवेगळ्या कागदावर बोली लिहा. जिथे तुमच्या दोघांचे कागद जुळत नाहीत, तिथे चहा ठेवा आणि काय ठरलं ते कार्डावर लिहून घ्या.